मुलांच्या आजारांवरचं वैद्यकीय संशोधन : आईवडिलांना पडणारे प्रश्न

मुलाच्या उपचारांबद्दल बोलणं चालू असताना कुणीतरी संमतीपत्र पुढे करतं आणि विचारतं, ‘आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे, तुम्हाला सहभागी व्हायचंय का?’ त्या क्षणी बहुतेक आईवडिलांच्या मनात एकच विचार येतो : माझ्या लेकरावर प्रयोग? हा प्रश्न रास्त आहे. इथली बरीचशी उत्तरं त्याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि काही बातम्या वाचून पडणाऱ्या शंकांबद्दल आहेत.

मोठ्यांवर तपासलेलं औषध वजनाप्रमाणे कमी करून मुलांना दिलं की झालं. वेगळं संशोधन कशाला?

क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकची गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते आधीपासूनच दिलं जाई. मोठ्या माणसाचं यकृत या औषधावर प्रक्रिया करून ते लघवीवाटे बाहेर टाकण्याजोगं करतं. नवजात बाळाच्या यकृतात ते काम करणारं एन्झाइम अजून पुरेसं तयारच झालेलं नसतं. वजनाच्या हिशेबानं डोस ठीक वाटत होता, पण औषध अंगात साचत गेलं. बाळांची पोटं फुगली, अंगाचा रंग राखाडी पडला, रक्तदाब कोसळला आणि कित्येक बाळं दगावली. १९५९ मध्ये औषध दिलेल्या आणि न दिलेल्या बाळांची रीतसर तुलना झाली, तेव्हा कुठे दोष औषधाचा आहे हे स्पष्ट झालं. तोवर ‘बाळ मुळातच अशक्त होतं’ असंच समजलं जात होतं.

उलटही घडतं. नवजात अवस्था ओलांडलेल्या लहान मुलांचं शरीर काही औषधं मोठ्यांपेक्षा झपाट्यानं निकालात काढतं. फिट्सवरचं फेनिटॉइन त्यातलंच. तिथे दर किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. कमी दिला तर फिट्स थांबत नाहीत. आणि ॲस्पिरिनसारखं मोठ्यांच्या रोजच्या वापरातलं औषध फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला दिलं, तर राय सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. हा संबंध अभ्यासांतून दिसला, १९८० च्या दशकात इशारे दिले गेले आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला.

हॅरी शिर्की या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात मुलांना उपचारांच्या दुनियेतले अनाथ म्हटलं होतं. औषधं येत होती, पण मुलांमध्ये ती कुणी तपासतच नव्हतं. अमेरिकेत २००२ आणि २००३ मध्ये, युरोपीय संघात २००७ मध्ये कायदे झाले आणि औषध कंपन्यांना मुलांचाही विचार करणं भाग पडलं.

पण अनुभवी डॉक्टरांना कळतंच की काय योग्य आहे. प्रयोगाची वाट कशाला बघायची?

माझ्या दृष्टीनं या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबणार आहे.

१९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देण्याची पद्धत सुरू झाली. बाळं गुलाबी दिसत, श्वास सुधारे. कुठल्याही डॉक्टरला समाधान वाटावं असं चित्र होतं. त्याच सुमारास या बाळांना अंधत्व येऊ लागलं. साधारण दहा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली. ऑक्सिजनचा संशय काहींना आला होता, इतरांना तो अशक्य वाटत होता. अमेरिकेत १९५३-५४ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि सढळ हातानं दिलेला ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला घातक ठरतो हे सिद्ध झालं.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ऑक्सिजनवर इतकी बंधनं आली की अंधत्व कमी झालं, पण श्वासाअभावी मृत्यू वाढले. नेमका किती ऑक्सिजन द्यावा याचं बऱ्यापैकी उत्तर मिळायला २०१० साल उजाडलं. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, की रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांमध्ये डोळ्यांचा गंभीर त्रास कमी होता, पण ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्यांपेक्षा मृत्यू जास्त होते. इतका बारीक फरक कितीही अनुभवी डॉक्टरला नुसत्या नजरेनं ओळखता आला नसता.

बाळाला पालथं झोपवण्याचंही तसंच. उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, हे ऐकायला किती पटतं! अनेक देशांत कित्येक वर्षं पालथं झोपवण्याचा सल्ला दिला गेला. प्रत्यक्षात झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा धोका त्यानंच वाढत होता. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत ‘बाळाला उताणं झोपवा’ अशी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. नंतर जुने अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर लक्षात आलं, की १९७० पर्यंत हाती आलेले आकडे कुणी नीट मांडले असते तरी हा धोका तेव्हाच दिसला असता. मधल्या वीस वर्षांतली बाळं वाचू शकली असती. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

तिसरं उदाहरण अगदी अलीकडचं. तीव्र ताप आणि शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचण्याची, लक्षणं असलेल्या मुलाला शिरेतून झटपट सलाइन चढवायचं, हे जगभर शिकवलं जात होतं. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,००० हून अधिक मुलांमध्ये याची चाचणी झाली. २०११ मधले निकाल असे होते : झटपट सलाइन दिलेल्यांपैकी १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. (जुलाबांनी शरीर कोरडं पडलेली मुलं या चाचणीत नव्हती, त्यांना पाणी लागतंच, हे विसरू नका.)

या तिन्ही ठिकाणी डॉक्टर निष्काळजी नव्हते, मुलांचं भलं करायच्याच धडपडीत होते. तपासणी न झालेला उपचार हासुद्धा एक प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही आणि तो चुकतोय हे कळायला कित्येक वर्षं जातात. मुलांना संशोधनापासून दूर ठेवलं म्हणजे ती सुरक्षित राहिली, असं म्हणूनच मला वाटत नाही.

संशोधनामुळे मुलांच्या पदरात प्रत्यक्षात काय पडलं?

रक्ताच्या कर्करोगापासून सुरुवात करू. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया १९४० च्या दशकापर्यंत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जीव घेत असे. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध १६ मुलांना दिलं. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. १० मुलांची तब्येत सुधारली. पण आजार परतला. इथे बरेच जण म्हणतील, मग उपयोग काय झाला? उपयोग असा, की हा आजार औषधाला दाद देतो हे पहिल्यांदा दिसलं. त्यापुढे दोन औषधं एकत्र, मग चार, मग मेंदूच्या आवरणात दडलेल्या पेशींवर उपचार, असं एकेका चाचणीनं पाऊल पुढे पडत गेलं. आज संपन्न देशांत हा ल्युकेमिया झालेली १० पैकी जवळपास ९ मुलं बरी होतात. संशोधनानं उपचार कमीही केले आहेत. पूर्वी मेंदूला सरसकट रेडिएशन दिलं जाई आणि त्याचे परिणाम मुलाच्या वाढीवर, शिकण्यावर होत. पाठीच्या कण्यातून दिलेल्या औषधांनी बहुतेक मुलांचं भागतं, हे चाचण्यांनीच दाखवलं.

दुसरं उदाहरण साखर, मीठ आणि पाण्याचं. ग्लुकोज असेल तर आतडं सोडियम आणि त्याच्यासोबत पाणीही शोषून घेतं, ही गोष्ट १९६० च्या दशकात प्रयोगशाळांमधून पुढे आली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावला आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं द्रावण पिंपांत बनवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजायला लावलं. जिथे ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. ओआरएसमुळे तेव्हापासून कोट्यवधी मुलं वाचली आहेत. हा शोध तिथे थांबला नाही. २००२ मध्ये द्रावणातलं साखर-मिठाचं प्रमाण कमी करून ते आणखी सुधारलं, आणि २००४ पासून जुलाबांत ओआरएसच्या जोडीला १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस आहे. हेही चाचण्यांतूनच आलं.

अकाली प्रसूती होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. याची सुरुवात न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांपासून झाली. ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूती कशामुळे सुरू होते हे शोधत होते. स्टेरॉइड दिल्यावर इतक्या लवकर जन्मलेलं एक कोकरू, की जे जगायलाच नको होतं, ते श्वास घेताना त्यांना दिसलं. लिगिन्स आणि रॉस हॉवी यांची मातांमधली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तरी अमेरिकेत हा उपचार सर्रास सुरू व्हायला १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. पुरावा हाती असून तो वापरला न जाणं, हाही मुलांवर अन्यायच.

संशोधन म्हणजे दर वेळी नवं औषध किंवा इंजेक्शनच असतं का?

छे. कितीतरी अभ्यासांत मुलाला सुईसुद्धा टोचत नाहीत. जगभर वापरले जाणारे वाढीचे तक्ते घ्या : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० निरोगी मुलांची उंची-वजनं मोजून जागतिक आरोग्य संघटनेनं ते २००६ मध्ये प्रसिद्ध केले. काही अभ्यास मुलांच्या मागे जन्मापासून अनेक दशकं जातात आणि वजन, झोप, श्वसनाचे आजार अशा नोंदी ठेवतात.

नुसतं डोळसपणे बघणं हेही संशोधन आहे. जपानमध्ये तोमिसाकू कावासाकी यांना पाच-सहा दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, लाल जीभ आणि सालपटं निघणारी बोटं असलेली मुलं दिसत राहिली. त्यांनी ५० मुलांच्या नोंदी जमवून १९६७ मध्ये प्रसिद्ध केल्या. हा आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो हे नंतर कळलं. १९८० च्या दशकातल्या चाचण्यांत इम्युनोग्लोब्युलिनचा (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचा) उपचार सापडला आणि ती इजा बरीच टळू लागली.

आईबापांनी सुरू केलेलं संशोधनही आहे. १९३४ मध्ये नॉर्वेतली एक आई दोन मतिमंद मुलांच्या लघवीला येणाऱ्या विचित्र वासाचं कारण शोधत आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. त्यांनी तपासलं आणि फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, हा आजार सापडला : प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल या मुलांना पचवता येत नाही आणि ते मेंदूला इजा करतं. १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला दुसरी एक आई रोज प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून डॉक्टरांना विचारी, माझ्या मुलीसाठी काही शोधलंत का? तिच्या चिकाटीमुळे होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अमिनो आम्ल काढून टाकलेला आहार बनवला. पुढे १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे नवजात बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार ओळखता येऊ लागला. आज अनेक देशांत जवळजवळ प्रत्येक नवजात बाळाची टाच टोचतात, त्यामागे या दोन आयांची तगमग आहे.

‘रँडम’ पद्धतीनं गट ठरतील म्हणतात. म्हणजे चिठ्ठ्या टाकून माझ्या मुलाचा उपचार ठरवणार?

हो, शब्दशः तसंच. चिठ्ठीऐवजी संगणक असतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामागचं कारण समजून घ्या. डॉक्टरांनी स्वतः गट निवडले, तर जास्त आजारी मुलांना नवा उपचार द्यायचा मोह होईल किंवा नेमका उलट. मग एका गटाचं बरं झालं, ते उपचारामुळे की मुळात आजारच सौम्य होता म्हणून, हे कधीच सांगता येणार नाही. चिठ्ठीमुळे दोन्ही गट सारखे होतात.

यात एक अट मात्र आहे, आणि ती तुम्ही डॉक्टरांकडून ऐकून घ्यायलाच हवी : दोनांपैकी चांगला उपचार कुठला हे खरोखर कुणालाच ठाऊक नसेल तरच चिठ्ठी टाकणं योग्य. एक उपचार सरस असल्याचं सिद्ध झालेलं असेल, तर मुलाला त्यापासून वंचित ठेवून चाचणी करता येत नाही.

ऑक्सिजनच्या २०१० मधल्या ज्या चाचणीचा उल्लेख वर केला, तिच्या संमतीपत्रांवर २०१३ मध्ये अमेरिकेत मोठा वाद झाला. मृत्यूच्या आणि अंधत्वाच्या शक्यतेबद्दल आईवडिलांना पुरेशा स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं, असा ठपका सरकारी देखरेख कार्यालयानं ठेवला. चाचणी गरजेची होती, असं मला वाटतं. आईवडिलांना स्वच्छ शब्दांत सगळं सांगणंही तितकंच गरजेचं होतं.

प्लासिबो म्हणजे माझ्या आजारी मुलाला नुसतंच पाणी टोचणार?

प्लासिबो म्हणजे औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी. गंभीर आजारावर चालणारा उपचार उपलब्ध असेल तर तो थांबवून प्लासिबो देत नाहीत. बहुतेक वेळा सगळ्याच मुलांना नेहमीचा उपचार मिळतो आणि त्यावर जोड म्हणून एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला प्लासिबो असतो. कुठलाच उपचार ठाऊक नसेल तिथे नुसत्या प्लासिबोशी तुलना होऊ शकते. तुमच्या मुलाच्या बाबतीत यातलं काय आहे, हे विचारून घ्या.

मुलांवर पूर्वी अन्याय झालेत ना? आता तसं होणार नाही कशावरून?

झालेत, आणि ते लपवून विश्वास मिळत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५६ पासून अनेक वर्षं मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग घडवून आजाराचा अभ्यास केला गेला. आईवडिलांच्या सह्या होत्या. पण एका काळात संस्थेत जागा हवी असेल तर संशोधनाच्या वॉर्डातूनच प्रवेश मिळे. अशा अडचणीत घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत.

बर्मिंगहॅमच्या त्या मुलीच्या गोष्टीतही एक डाग आहे. सुधारणा खरोखर आहारामुळेच आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता ते घातक अमिनो आम्ल पुन्हा आहारात मिसळलं. मुलगी खालावली, ते आधी आईच्याच लक्षात आलं. मग तिला खरं सांगितलं गेलं आणि तिच्या परवानगीनं प्रयोग पुन्हा केला. शोध मोठा होता, तरी पहिल्या वेळचं ते लपवणं चूकच.

अशा अनुभवांतूनच आजचे नियम आले. १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, त्यात पुढे झालेल्या सुधारणा आणि त्यावर आधारलेले देशोदेशीचे कायदे सांगतात, की संशोधन सुरू होण्याआधी त्याची योजना स्वतंत्र नैतिकता समितीनं तपासली पाहिजे आणि या समितीत डॉक्टर नसलेले लोकही हवेत. जो प्रश्न मोठ्यांवर अभ्यास करून सुटतो, तो मुलांवर तपासायचा नाही. मुलाला स्वतःला फायदा नसेल, तर धोका अगदी किरकोळच असला पाहिजे. मोठ्या चाचण्यांवर आणखी एक स्वतंत्र समिती असते, जी चाचणी चालू असतानाच आकडे बघते. सलाइनची चाचणी अशाच समितीच्या सांगण्यावरून वेळेआधी थांबली, कारण नुकसान दिसत होतं. कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची चाचणीही अर्धवट थांबवली गेली, पण उलट कारणानं : त्या बाळांमध्ये मृत्यू एक चतुर्थांशानं कमी झाले होते आणि दुसऱ्या गटातल्या बाळांना हा लाभ नाकारणं आता योग्य नव्हतं. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झालेल्या त्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले.

संमती आम्ही द्यायची. पण मुलाला विचारतात का?

विचारायलाच हवं. साधारण सात वर्षांपासून पुढच्या मुलाला त्याला कळेल अशा भाषेत सांगून त्याचा होकार घेण्याची पद्धत बऱ्याच देशांत आहे. मोठ्या मुलांची लेखी संमतीही घेतात. मूल ठामपणे ‘नको’ म्हणत असेल तर तुमची सही असूनही त्याचं ऐकलं जावं. अपवाद फक्त असा, की मुलाला जीवदान देऊ शकणारा उपचार त्या चाचणीतच मिळू शकतो. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त समजून घेतात. ‘किती दुखेल?’ आणि ‘आई सोबत असेल ना?’ हे त्यांचे प्रश्न असतात. त्यांना खरी उत्तरं द्या.

नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील का? मधेच बाहेर पडता येतं?

नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहे आणि त्यामुळे मुलाच्या नेहमीच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. बाहेर कधीही पडता येतं, कारण सांगायची गरज नाही. फक्त औषध अचानक बंद केल्यानं त्रास होणार असेल, तर ते कसं कमी करायचं हे विचारून घ्या. कुणी दबाव आणत असेल, तर संमतीपत्रावर नैतिकता समितीचा संपर्क दिलेला असतो. तिथे कळवा.

सही करण्याआधी काय विचारू?

संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागा. तातडीचा प्रसंग सोडला तर कुणी नकार देऊ नये. मग विचारा : आम्ही सहभागी झालो नाही तर मुलाला कुठला उपचार मिळेल? सहभागी झाल्यानं नेमकं वेगळं काय होईल, किती जास्तीच्या फेऱ्या, किती सुया, किती दिवस? आजवर हे औषध किती मुलांना दिलं आहे आणि त्यांना काय त्रास झाला? मुलाला इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार? रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन कुणाला करायचा? रक्ताचे नमुने अभ्यासानंतर ठेवणार की नष्ट करणार?

यातला पहिला प्रश्न विसरू नका. त्याच्या उत्तराशिवाय बाकीच्या उत्तरांची तुलनाच करता येत नाही.

बाळाचं किती रक्त काढतात?

युरोपीय संघाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनासाठी एका वेळी मुलाच्या एकूण रक्ताच्या १ टक्का आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त रक्त काढू नये. तीन किलोच्या बाळात साधारण २४० ते २७० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे एका वेळी अडीच मिलिलिटरच्या आसपास, अर्धा चहाचा चमचा. शक्य तिथे उपचारासाठी काढलेल्या रक्तातूनच थोडं वापरतात.

लसींच्या चाचण्यांना इतकी वर्षं आणि इतकी मुलं का लागतात?

कारण दुर्मिळ त्रास थोड्या मुलांत दिसत नाही. जुलाबाला कारण ठरणाऱ्या रोटाव्हायरसची पहिली लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. वापर सुरू झाल्यावर लक्षात आलं, की साधारण १०,००० बाळांमागे एकात आतडं आतड्यात शिरून अडकतं. १९९९ मध्ये लस मागे घेतली. पुढच्या दोन लसींच्या चाचण्यांत म्हणूनच प्रत्येकी ६०,००० हून अधिक बाळं घेतली गेली आणि २००६ मध्ये त्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. पहिली लस मागे घेतल्याची बातमी ऐकून लोक घाबरतात; माझ्या मते देखरेख जागी होती, याचा तो पुरावा आहे.

लसीमुळे ऑटिझम होतो का?

नाही. ही शंका १९९८ मधल्या, अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखातून पसरली. त्यातली माहिती खोटी आणि पद्धत अनैतिक असल्याचं उघड झालं आणि २०१० मध्ये नियतकालिकानं तो लेख मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझम जास्त आढळला नाही. ज्या आईबापांनी लसीला दोष देत वर्षानुवर्षं स्वतःला कोसलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरावं, असं फार वाटतं.

सल्ले उलटसुलट का होतात? विश्वास कशावर ठेवायचा?

शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं उदाहरण बघा. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, की ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. सल्ला तर्कावर बेतलेला होता, चाचणीवर नव्हता. २०१५ मध्ये ६४० बाळांवरच्या ब्रिटिश चाचणीचे निकाल आले. या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. शेंगदाणे टाळलेल्या मुलांपैकी सुमारे १७ टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी झाली. लहानपणापासून नियमित खाल्लेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांना. सल्ला बदलला कारण कुणीतरी तो तपासायचं धाडस केलं. (अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, आणि तीव्र इसब असलेल्या बाळाला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा.)

‘अमुक गोष्टीनं धोका दुप्पट’ अशी बातमी वाचली. घाबरावं का?

आधी बघा, कशाच्या दुप्पट. १०,००० मुलांत एकाऐवजी दोघांना होणं हेही ‘दुप्पट’च. मग बघा अभ्यास उंदरांवर होता की मुलांवर, मुलं किती होती, आणि दोन गोष्टी नुसत्या सोबत दिसल्या की एकीमुळे दुसरी घडते हे चाचणीनं दाखवलं. एकट्या अभ्यासावरून मुलाचं औषध बदलू नका.

अगदी दुर्मिळ आजार असेल तर संशोधन होतं का?

होतं, आणि तिथे प्रत्येक मुलाचा सहभाग मोलाचा असतो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या जनुकीय आजाराच्या सर्वांत तीव्र प्रकारात बाळं दोन वर्षांच्या आत दगावत किंवा कायमची श्वासयंत्रावर जात. २०१६ मध्ये नुसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे २०१९ मध्ये जनुकीय उपचार आला. लक्षणं दिसण्याआधी उपचार झालेली कित्येक मुलं आज बसतात, चालतात. किंमत अजूनही बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे आणि हे दुखणं संशोधनाइतकंच धोरणांचंही आहे.

सर्वांत जास्त गरज कुठे आहे?

पहिल्या महिन्यात. १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून अधिक मुलं दगावली. २०२३ मध्ये ४८ लाख. हा बदल थोडाथोडका नाही. पण त्या ४८ लाखांपैकी जवळपास निम्मी, २३ लाख, जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत गेली. यावरचे उपाय दर वेळी महागडे असतात असं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत तपासली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. ज्या भागांत मुलं जास्त दगावतात तिथेच संशोधन कमी होतं, हे चित्र बदलायला हवं.

सहभागासाठी पैसे द्यावे लागतात का, किंवा मिळतात का?

चाचणीच्या औषधाचे आणि जास्तीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेऊ नयेत. प्रवासखर्च, बुडालेला रोज यांची भरपाई मिळू शकते. पैशाच्या आमिषानं मुलाला सहभागी करावंसं वाटेल इतकी रक्कम देणं मात्र नियमाविरुद्ध आहे.

अभ्यासाचे निकाल आम्हाला कळतील का?

कळायला हवेत, आणि ते मागणं हा तुमचा हक्क समजा. चाचण्या सुरू होण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवल्या जातात. संमतीपत्रावरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवलात तर पुढे निकाल शोधता येतो. निकाल यायला काही वेळा वर्षं लागतात, तोवर मूल शाळेतही जाऊ लागलेलं असतं. शेवटच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना सांगून ठेवा, ‘निकाल आला की आम्हाला आमच्या भाषेत कळवा,’ आणि फोन नंबर बदलला तर तोही त्यांना कळवा.